झेपलिनच्या टेपा अजून का निघतायत : थोडी पार्श्वभूमी

2025 च्या फेब्रुवारीत लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडवरची बिकमिंग लेड झेपलिन ही डॉक्युमेंटरी आयमॅक्सला लागली आणि तेव्हापासून ओळखीतले लोक मला एकच विचारतायत, की बँड 1980 लाच संपला, ड्रमर गेला, मग दर चार-पाच वर्षांनी हे नवीन काय बाहेर येतं आणि तू दरवेळी तेच ते परत का घेतोस. तेच ते नाहीये हो. पण ते का नाहीये हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढतो.

सुरुवात गिटारिस्ट पेज किंवा गायक प्लांटपासून नाही, त्यांच्या मॅनेजरपासून करायला हवी. पीटर ग्रँट. धिप्पाड माणूस, एकेकाळी कुस्त्या केलेला. 1968 मध्ये जिमी पेजचा आधीचा बँड यार्डबर्ड्स फुटला, त्याने जॉन पॉल जोन्स (बेस), रॉबर्ट प्लांट (गायक) आणि जॉन बॉनम (ड्रम) यांना जमवलं, लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवरच्या एका छोट्या खोलीत चौघं पहिल्यांदा एकत्र वाजले आणि पहिलं गाणं संपेपर्यंत चौघांनाही कळलं होतं की हे काहीतरी वेगळंच आहे. सप्टेंबरमध्ये डेन्मार्कला पहिला शो, तोही न्यू यार्डबर्ड्स या नावाने. मग ऑलिंपिक स्टुडिओत साधारण 36 तासांत पहिला अल्बम, पैसे पेजचे स्वतःचे, त्यामुळे अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीकडे गेले ते तयार माल घेऊनच, आणि काय छापायचं, कव्हर कसं असेल, सगळं बँडच्या हातात राहिलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

तर ग्रँटने दोन गोष्टी ठरवल्या. एक, इंग्लंडमध्ये सिंगल, म्हणजे सुट्ट्या गाण्याची रेकॉर्ड, काढायचं नाही, गाणं हवं तर अख्खा अल्बम घ्या. दोन, टीव्हीवर जायचं नाही. 1969 च्या सुरुवातीला थोडंफार केलं त्यांनी, त्या मार्चमध्ये डॅनिश टीव्हीसाठी वाजवलेलं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग आजही बघितलं की अंगावर काटा येतो, समोर पोरं मांडी घालून जमिनीवर बसलेली आणि हाताच्या अंतरावर हे चौघं. पण नंतर बंदच केलं. कारण अगदी साधं आहे. टीव्हीवर तीन मिनिटं मिळणार, आवाज बारक्या स्पीकरमधून येणार, आणि यांचा एक नंबर रेकॉर्डवर साडेसहा मिनिटांचा असेल तर स्टेजवर तो अर्ध्या तासाला जायचा. डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड हे गाणं त्यांनी जितक्या वेळा वाजवलं तितक्या वेळा वेगळं वाजवलं, मध्येच पेज व्हायोलिनचा गज घेऊन गिटारवर घासायचा, प्लांट त्याच्या सुरामागे जायचा, बॉनम कुठे वळणार हे बाकीच्यांना आयत्या वेळी कळायचं. आपल्याकडे मैफलीत गवई मूडमध्ये असला की ठरलेलं सगळं बाजूला राहतं ना, तसंच. म्हणून ग्रँटचं म्हणणं, ऐकायचं तर समोर येऊन ऐका. आणि लोक येत होते, इतके येत होते की त्याने प्रमोटरांशी व्यवहारच उलटा केला, गेटवरचे 90 टक्के बँडला आणि 10 टक्के तुम्हाला.

पण याचा परिणाम काय झाला बघा. जगातला बहुतेक सगळ्यात मोठा लाइव्ह बँड आणि त्याचं शूटिंग जवळजवळ नाही! ज्याने शो पाहिला त्याच्याकडे आठवण, ज्याने नाही पाहिला त्याच्याकडे काहीच नाही. इथूनच ती भूक सुरू झाली असं माझं स्पष्ट मत आहे. रिइश्यू (जुने अल्बम परत काढणं), बॉक्स सेट, डॉक्युमेंटरी हे सगळं कंपन्यांनी पैशासाठी काढलेलं खूळ आहे असं म्हणणारे लोक ही पहिली दहा वर्षं विसरतात.

भूक लागली की लोक वाट काढतात. 4 सप्टेंबर 1970 ला लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये प्रेक्षकांतल्या कोणीतरी शो टेप केला आणि तो लाइव्ह ऑन ब्लूबेरी हिल नावाने चोरून छापून विकला गेला, रॉकमधल्या अगदी सुरुवातीच्या बूटलेगांपैकी हा एक. ग्रँट यावर भयंकर भडकायचा, प्रेक्षकांत माइक दिसला की स्वतः जाऊन तोडायचा, 1971 मध्ये व्हँकूव्हरला तर त्याच्या माणसांनी एक मशीन फोडलं आणि नंतर कळलं की ती सरकारी माणसं होती, आवाजाची पातळी मोजायला आलेली. पण तोडून काय थांबतंय. फोरममध्येच माइक मिलार्ड नावाचा एक माणूस नाकामिची रेकॉर्डर व्हीलचेअरमध्ये लपवून आत न्यायचा, त्याची 21 जून 1977 ची टेप आजही फॅन लोक हातोहात देतात, आणि ती ऐकली की बॉनमची किक छातीत लागते. नियमाने चूक होतं ते, मान्य, पण त्या माणसाने जे वाचवलं ते दुसऱ्या कोणाकडेच नव्हतं.

बँडने स्वतः काहीच केलं नाही असं नाही. 9 जानेवारी 1970, पेजचा 26 वा वाढदिवस, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, तो शो त्यांनी नीट शूट करून घेतला आणि कपाटात ठेवून दिला. 1973 च्या जुलैत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला तीन रात्री शूट केल्या, त्याच दौऱ्यात हॉटेलच्या तिजोरीतून त्यांचे दोन लाखांहून जास्त डॉलर चोरीला गेले तो किस्सा सगळ्यांना माहीत असतो, पण खरी गोची फिल्मच्या टेबलावर झाली. मध्ये मध्ये शॉटच नव्हते. मग इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत स्टेज परत उभं करून राहिलेलं शूट केलं, तोवर जोन्सने केस कापलेले म्हणून त्याला विग घालून उभं केलं. दिग्दर्शक बदलला, पिक्चर 1976 च्या ऑक्टोबरला आला. तरी इतकी वर्षं तोच एक पिक्चर होता आपल्याकडे, म्हणून मला तो कायम प्रिय राहील.

25 सप्टेंबर 1980 ला बॉनम गेला आणि डिसेंबरमध्ये बाकी तिघांनी जाहीर केलं की पुढे नाही. मोजून 32 वर्षांचा होता तो. त्याच्या जागी दुसरा बसवून टूर काढता आली असती, नाही काढली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. 1985 च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कॉन्सर्टला एकत्र आले पण तो परफॉर्मन्स त्यांना स्वतःलाच इतका आवडला नाही की नंतर डीव्हीडीवर घालायलाही नकार दिला. ऐंशीच्या दशकात सीडी आल्या त्याही पेजला न विचारता केलेल्या, 1990 मध्ये त्याने बसून बरीचशी गाणी रीमास्टर केली, म्हणजे जुन्या टेपांवरून आवाज नव्याने नीट केला, तेव्हा कुठे जरा समाधान.

मग 2003. हे वर्ष माझ्यासाठी फार मोठं आहे. मे महिन्यात एकाच वेळी दोन गोष्टी आल्या, पाच तासांहून मोठी डीव्हीडी आणि 1972 च्या कॅलिफोर्नियातल्या दोन शोजचा तीन सीडींचा सेट. अल्बर्ट हॉलचं ते शूटिंग 33 वर्षांनी धड बघायला मिळालं. आणि ते करणं सोपं नव्हतं, कारण जुन्या टेपवर चुंबकीय पावडर चिकटवायला जो चिकट थर वापरलेला असतो तो वर्षानुवर्षं हवेतला ओलावा पितो, टेप मशीनवर लावली की चिकटते, पावडर निघून यायला लागते आणि त्याबरोबर आवाजही गेला. उपाय काय तर टेप मंद आचेवर बराच वेळ अक्षरशः भाजायची, ओलावा जातो, मग थोडे दिवस ती वाजते, तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. झेपलिनच्या काही टेपा अशाच भाजून वाचवल्या. मी ती डीव्हीडी पुण्यात मित्राच्या दादाने अमेरिकेहून आणलेली पाहिली, सात-आठ जण एका खोलीत, आणि अल्बर्ट हॉलमधला बॉनमचा सोलो संपला तेव्हा कोणी काहीच बोललं नाही, सरळ मागे नेऊन परत लावला.

10 डिसेंबर 2007 ला लंडनच्या ओटू अरेनात एकच शो झाला, अटलांटिकचे संस्थापक अहमेट अर्टेगन यांच्या स्मरणार्थ, ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन. तारीख खरं तर नोव्हेंबरची होती, पेजच्या बोटाला फ्रॅक्चर झालं म्हणून पुढे गेली. वीसेक हजारांचा हॉल आणि तिकिटासाठी मागणी दोन कोटींची. तो शो 2012 मध्ये थिएटरला आणि डीव्हीडीवर आला. प्लांटने नंतर टूरला नाही म्हटलं, लोकांनी त्याला नावं ठेवली, मी नाही ठेवणार.

2014-15 मध्ये पेजने सगळे स्टुडिओ अल्बम परत काढले आणि प्रत्येकाबरोबर जादा डिस्क दिली. सुरुवातीला मी म्हणालो तो मुद्दा इथे येतो, सुरुवातीपासून सगळं यांच्या ताब्यात होतं म्हणून हे असं करता आलं. पहिल्याबरोबर 1969 चा पॅरिसचा शो, बाकीच्यांबरोबर वेगळी मिक्सेस, अर्धवट टेक. 2016 मध्ये बीबीसीची सेशन्स पूर्ण स्वरूपात आली, त्यात 1969 चं एक सेशन असं होतं की ज्याची मूळ टेपच उरली नव्हती, कोणीतरी घरी रेडिओवरून घेतलेलं रेकॉर्डिंग होतं म्हणून ते वाचलं. ग्रँट ज्यांचे माइक तोडायचा त्यांच्याच जातकुळीतला कोणीतरी. आणि आताची डॉक्युमेंटरी, बर्नार्ड मॅकमाहनची, तिची कच्ची आवृत्ती 2021 ला व्हेनिसमध्ये दाखवलेली, ती 1970 च्या सुरुवातीलाच थांबते, पण तिच्यात बॉनमची ऑस्ट्रेलियात सापडलेली जुनी मुलाखत आहे, नुसता आवाज, आणि तो ऐकताना तिन्ही म्हाताऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे आहेत.

मुद्दाम शेवटी ठेवलंय ते मुंबईचं. 1972 मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्यात स्लिप डिस्क नावाचा छोटा डिस्को होता, तिथे दोघं वाजवायला उभे राहिले, आणि त्याच वर्षी इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपलीच दोन गाणी रेकॉर्ड केली, फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स. जॉर्ज हॅरिसन चार वर्षं आधी मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत रेकॉर्डिंग करून गेला होता, त्यामुळे ही वाट नवी नव्हती, पण रॉकचं गाणंच इथल्या वादकांपुढे ठेवायचं हा प्रयोग वेगळा. त्यात फोर स्टिक्स म्हणजे मूळचंच अवघड प्रकरण, पाचाचा आणि सहाचा हिशोब आलटून पालटून येतो, बॉनमने तर दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवलंय म्हणून ते नाव. या टेपा वर्षानुवर्षं फक्त बूटलेगवर फिरल्या, खरखरीत, कितव्या कॉपीची कॉपी कोण जाणे. 1994 मध्ये पेज-प्लांटने इजिप्शियन वादक आणि गायिका नज्मा अख्तर यांना घेऊन एमटीव्हीसाठी जे केलं त्यात ही दोन्ही गाणी होती, पण मुंबईची मूळ टेप अधिकृतपणे आली ती 2015 च्या जुलैत, कोडा अल्बमच्या जादा डिस्कवर, नावापुढे बॉम्बे ऑर्केस्ट्रा असं छापून. 43 वर्षांनी.

ती डिस्क आली त्या रविवारी मी बाबांना ऐकवली. 1972 ला बाबा फोर्टात नोकरीला होते, बावीस वर्षांचे, रोज व्हीटीवरून चालत ऑफिसला जायचे, रॉक त्यांनी आयुष्यात ऐकलं नाही. तबला सुरू झाला तशी त्यांनी मांडीवर बोटं धरली, दोनदा हुकली, मग म्हणाले, थांब, परत लाव, सम कुठे येते ते बघू दे.