शेतातलं सशाचं पिल्लू घरी आणू नका

ऊसतोड सुरू झाली की पाचटाखाली नाहीतर बांधावरच्या गवतात सशाचं पिल्लू सापडतं. एकटंच, डोळे उघडे, हात लावला तरी जागचं हलत नाही. आईनं टाकलं असेल म्हणून कुणीतरी ते टोपीत घालून घरी आणतं, कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजतं. अशी पिल्लं बहुधा जगत नाहीत.

आईनं त्याला टाकलेलं नसतंच. आपला रानससा बीळ खणत नाही, गवतात अंगापुरता खळगा करून बसतो. पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आई त्यांच्यापाशी घुटमळत राहिली, तर तिच्या मागावर कोल्हा थेट तिथवर पोचेल. म्हणून ती दिवसभर लांब राहते, अंधार पडल्यावर येते आणि काही मिनिटांत पाजून निघून जाते. तिच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यामुळे तेवढ्यावर पिल्लाचं भागतं. गाईच्या दुधानं मात्र त्याला हगवण लागते.

समजा, जगलं. पुढे काय? सशाचं पचन आंधळ्या आतड्यातल्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीतल्या, जिवाणूंवर चालतं. तिथे तयार झालेल्या मऊ लेंड्या तो पुन्हा खातो, तेव्हा कुठे गवतातलं सगळं सत्त्व अंगी लागतं. भीती बसली की हे आतडंच मंदावतं, आणि माणसांच्या घरात त्याची भीती सरत नाही. मांडीवर गप्प बसलेल्या रानसशाला लोक माणसाळलेला समजतात. त्याच्या छातीवर बोट ठेवून पाहा, काळीज धडधडत असतं. पळायला जागा नसली की तो थिजून बसतो. पळायची संधी दिसली, की पिंजऱ्याच्या जाळीवर धडका घेतो. मागच्या पायांत जोर एवढा आणि हाडं इतकी हलकी, की जोरात झटका दिला तर स्वतःचाच कणा मोडू शकतो.

‘बाजारातला पांढरा ससा राहतो की घरात!’ असं ऐकायला मिळतं. पण तो वेगळाच प्राणी. त्याचे पूर्वज युरोपातले बिळात राहणारे ससे. त्याची गुणसूत्रं 44, रानसशाची 48. दोघांची वीणसुद्धा होत नाही. शिवाय माणसानं त्याच्या कैक पिढ्या निवडून वाढवल्या आहेत. 2018 साली शास्त्रज्ञांनी पाळीव ससे आणि त्यांचेच जंगली भाईबंद यांच्या मेंदूंची तुलना केली. दोन्ही गट सारख्याच परिस्थितीत वाढवलेले होते. तरी पाळीव सशांमध्ये भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग तुलनेनं लहान निघाला. म्हणजे कितीही लळा लावला, तरी एका पिढीत हा फरक पडणार नाही.

रानससा पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पिल्लू धडधाकट असेल तर तिथेच राहू द्या, कुत्री लांब ठेवा. तोड चालू असेल तर अलगद उचलून जवळच्याच बांधावर, गवताच्या आडोशाला ठेवा. संध्याकाळी आई शोधत येते. जखमी असेल तर वनविभागाला 1926 वर फोन करा, आणि माणूस येईपर्यंत पिल्लू अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवा. तोवर दूध पाजू नका.