डब्यातली जादा गोटी

‘अंगात गुण असले की माणूस वर येतोच,’ असं एमिनेम या गोऱ्या अमेरिकन रॅपरबद्दल हमखास ऐकू येतं. गुण आहेतच. पण २००२ च्या एका गाण्यात त्यानेच हिशेब मांडलाय: आपण काळे असतो तर विक्री निम्मीच झाली असती.

साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा एक प्रयोग २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. १४,००० हून अधिक लोक, ४८ अनोळखी गाणी. काहींना आठ वेगळ्या गटांत, म्हणजे ‘जगां’त, विभागलं; आपल्या जगात कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं, ते प्रत्येकाला दिसे. एकच गाणं एका जगात पहिलं आलं, दुसऱ्यात चाळिसावं!

असं का होतं, ते घरी बघता येतं. डब्यात एक लाल, एक निळी गोटी टाका. न बघता एक काढा, परत टाका आणि सोबत त्याच रंगाची आणखी एक टाका. हेच करत राहा. गोटी काढणं म्हणजे एका श्रोत्याने गाणं निवडणं; जादा गोटी म्हणजे ते बघून पुढच्याचा वाढलेला कल. मी काल बसलो, तर एका डावात डबा पाऊण लाल झाला, दुसऱ्यात लाल जेमतेम पाचवा हिस्सा. पुढे प्रमाण जवळपास गोठतं, पण कुठे गोठणार ते पहिल्या काही गोट्याच ठरवतात. आता सुरुवातीलाच लाल दोन ठेवा, निळी एक. खेळ लांबवला तर चारपैकी तीन डावांत लाल निम्म्याच्या वर जाते. लाल गोटी काही जास्त गुणी नव्हती.

अमेरिकेत बहुसंख्य गिऱ्हाईक गोरं, म्हणून गोरा रंग ही जादा गोटी. तरी १९९६ चा एमिनेमचा पहिला अल्बम फारसा खपलाच नाही. रंग तोच होता, पण डब्यात हात घालणारं कुणी नव्हतं. रॅप हे मुळात काळ्यांचं घर; तिथे गोऱ्याला आधी पत लागते. ती डेट्रॉइटमधल्या गरिबीच्या खऱ्या गोष्टीने आणि डॉ. ड्रे या नामवंत काळ्या रॅपर-निर्मात्याने पाठीवर ठेवलेल्या हाताने दिली. २००० मध्ये त्याचा अल्बम पहिल्याच आठवड्यात १७ लाखांवर खपला.

व्हॅनिला आइस या दुसऱ्या गोऱ्या रॅपरकडेही ती गोटी होती. १९९० मध्ये बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकाला गेलेलं पहिलं रॅप गाणं त्याचंच. मात्र त्याची मायामीच्या गल्लीतली कहाणी फुगवलेली निघाली आणि पत गेली.

आणि प्रूफ. एमिनेमचा जिवलग मित्र, डेट्रॉइटच्या हिप-हॉप शॉपमध्ये रॅपच्या लढती चालवणारा, काळा. गोष्ट त्याचीही खरीच होती. २००५ मध्ये त्याने स्वतःचा अल्बम काढला. तो मित्राच्या विक्रीच्या जवळपासही गेला नाही.