समुद्र तापतो तेव्हा आधी हरतं ते अंडं

हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के उष्णता समुद्राने पोटात घेतली आहे. तिचा पहिला फटका माशाच्या श्वासाला बसतो. १० अंश सेल्सिअसला एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांला जेमतेम ६. बहुतेक माशांचं शरीर पाण्याबरोबरच तापतं आणि १० अंशांच्या वाढीला चयापचयाचा वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे गरज वाढते नेमकी तेव्हाच पुरवठा आटतो. कल्ल्यांवरून जास्त पाणी फिरवायचं तर त्यालाही ताकद खर्ची पडते. मग कात्री लागते ती वाढीला आणि अंड्यांना.

२०१४ ते २०१६ या काळात ईशान्य प्रशांत महासागरात उष्ण पाणी ठाण मांडून बसलं होतं. अलास्काच्या आखातातल्या पॅसिफिक कॉड या माशाची भूक त्यामुळे वाढली, पण भक्ष्य घटलं. मोठे मासे रोडावले. त्याहून वाईट गत अंड्यांची झाली. हा कॉड समुद्रतळावर अंडी घालतो आणि ती तिथेच चिकटून राहतात. पाणी ३ ते ६ अंशांच्या दरम्यान असेल तरच ती चांगली उबतात. मोठा मासा थंडाव्याच्या शोधात खोल किंवा ध्रुवाकडे सरकू शकतो. अंडं जागचं हलू शकत नाही. २०१७च्या पाहणीत तिथल्या कॉडचा साठा, म्हणजे समुद्रातली त्याची एकूण संख्या, दोन वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी घसरलेला आढळला आणि २०२०मध्ये तिथल्या अमेरिकी संघीय सरकारच्या हद्दीत कॉडची थेट मासेमारी बंद ठेवावी लागली.

अंडं फुटलं तरी संकट टळत नाही. पिल्लाच्या पोटाखालच्या पिशवीतला बलक थोडेच दिवस पुरतो. तो संपायच्या आत तोंडात मावेल एवढा प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, भोवती हवाच. युरोपजवळच्या उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) कॉडच्या पिल्लांना वसंतात थंड पाण्यातला एक कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतला चिमुकला जीव, मुबलक मिळायचा. पाणी तापलं तसा तो उत्तरेकडे हटला. त्याची जागा घेणारा त्याचा भाईबंद उन्हाळा सरताना बहरतो. तोवर पिल्लांची वेळ टळून गेलेली असते.

म्हणूनच जुन्या सरासरीवर मासेमारीचा कोटा ठरवणं मला धोक्याचं वाटतं. साठ्याचा हिशेब मांडताना नैसर्गिक मृत्युदर अनेकदा ०.२ असा ठरावीक धरतात. हा वर्षभर क्षणोक्षणी लागू होणारा दर असतो, म्हणजे मासेमारी न होताही वर्षाला सुमारे १८ टक्के मासे मरणार. उष्ण वर्षांत त्याहून कितीतरी जास्त मरतात, आणि कागदावर बेताचा वाटणारा कोटा प्रत्यक्षात उरलेल्या माशांच्या मुळावर येतो. अलास्काच्या कॉडचा हिशेब मांडताना तज्ज्ञांनी त्या उष्ण वर्षांपुरता वेगळा, चढा मृत्युदर धरला. इतर साठ्यांनाही तापमानाचा असा रकाना आता जोडायलाच हवा, आणि तोही साठा कोसळण्याआधी.