कासिक्यारे

कासिक्यारे : व्हेनेझुएलाच्या दक्षिण टोकाला, आमासोनास राज्याच्या जंगलातून वाहणारी नदी. लांबी सुमारे ३२० किमी. स्थानिक स्पॅनिश बोलीत तिला ‘कालवा’ म्हणतात, पण तो कोणी खणलेला नाही. ला एस्मेराल्दा या वस्तीच्या खाली, तामातामा गावाजवळ ओरिनोको नदीचा डावा काठ फुटतो आणि तिचे ढोबळमानाने चौथाई किंवा त्याहून थोडे कमी पाणी नैर्ऋत्येला निघून जाते. हाच कासिक्यारेचा उगम. पुढे सान कार्लोस दे रिओ नेग्रोच्या वरच्या अंगाला ती ग्वाइनिया नदीला मिळते आणि दोघींच्या संगमानंतरच्या प्रवाहाला रिओ नेग्रो हे नाव लागते. रिओ नेग्रो ॲमेझॉनची उपनदी असल्यामुळे या एका प्रवाहाने दोन महाकाय खोरी जोडली गेली आहेत.

समुद्राजवळच्या त्रिभुजप्रदेशात नदीला फाटे फुटतात, त्यात नवल नाही. इथे समुद्र हजारांवर किलोमीटर दूर आहे. महाबळेश्वराच्या माथ्यावर पडलेला पाऊस एक तर कृष्णेचा होतो, नाही तर सावित्रीचा. एकदा वाटणी झाली की झाली. ओरिनोकोचे पाणी मात्र काही वाट चालून गेल्यावर खोरे बदलते. याचे कारण तिथली सपाटी. दोन खोऱ्यांमध्ये डोंगराची धार अशी नाहीच, आणि ॲमेझॉनकडचा उतार किंचित अधिक आहे. त्यामुळे रिओ नेग्रोचे शीर्षप्रवाह मागे मागे झिजत ओरिनोकोला येऊन भिडले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. भूगोलात याला नदी-अपहरण म्हणतात. हे अपहरण अजून अर्ध्यावरच आहे.

फाट्यापाशी पात्राची रुंदी जेमतेम ९० मी. असते, मुखाशी ती ५०० मीटरांच्या पुढे जाते, कारण वाटेत सियापा, पासिमोनी अशा नद्या मिळतात. पाणीही बदलत जाते. वर ते फिकट, गढूळसर. खाली कोऱ्या चहासारखे तांबूस-काळे. कुजलेल्या पालापाचोळ्याचा अर्क उतरलेले हे आम्लधर्मी पाणी डासांना मानवत नाही, म्हणून काळ्या पाण्याच्या काठी माणसाला त्यातल्या त्यात झोप लागते.

माशांच्या दृष्टीने हा बदल म्हणजे चाळणीच. वाट उघडी आहे, पण फिकट पाण्यातले कित्येक मासे काळ्या पाण्यात तग धरत नाहीत आणि तिकडचे इकडे येत नाहीत. दोन्हींत निभावणाऱ्या जातीच पार होतात. त्यामुळे नद्या जोडलेल्या असूनही दोन्ही खोऱ्यांतली मत्स्यसृष्टी एक झालेली नाही. गुलाबी डॉल्फिन, पुरुषभर लांबीचे महाकाय पाणमांजर, विजेचा झटका देणारा इलेक्ट्रिक ईल, केमन जातीच्या मगरी हे इथले जलचर. काठावर जग्वार आणि टॅपिर. काळ्या तोंडाचे, आखूड शेपटीचे काकाजाओ माकड शास्त्राला ठाऊक झाले ते याच नदीच्या परिसरातून.

या माकडाची ओळख करून देणारा जर्मन निसर्गसंशोधक आलेक्सांडर फॉन हुम्बोल्ट १८०० च्या मे महिन्यात रिओ नेग्रोकडून प्रवाहाविरुद्ध ही नदी चढून गेला. ‘शोध’ मात्र त्याचा नव्हे. १७४४ मध्ये जेझुइट पाद्री मानुएल रोमान याला ओरिनोकोवर पोर्तुगीज गुलामव्यापारी भेटले. ते रिओ नेग्रोकडून होडीनेच आले होते! रोमान त्यांच्याबरोबर तिकडे जाऊन परत आला. तरीही पॅरिसमधल्या नकाशाकारांना हे पटेना. एकाने तर मधोमध डोंगराची रांग काढून ठेवली. मूळ रहिवाशांना हा रोजचा जलमार्ग होता, पण त्यांना कोण विचारतो? हुम्बोल्टने आकाशस्थ ताऱ्यांवरून ठिकाणे मोजून वाद मिटवला. त्याच्या अरुंद होडीत पिंजऱ्यातली माकडे आणि पोपट दाटीवाटीने भरले होते. फाट्याजवळच्या शेवटच्या मुक्कामी त्याचा धिप्पाड कुत्रा रात्रीतून नाहीसा झाला; जग्वारने नेला असावा, अशी त्याची समजूत होती.

वस्ती आजही विरळच. बारे, कुरिपाको आणि यानोमामी लोकांची गावे काठाने विखुरलेली आहेत. पोट मासेमारीवर आणि कसावा या कंदाच्या शेतीवर भरते. काळ्या पाण्याच्या काठी उगवणाऱ्या चिकिचिकी ताडाच्या खोडावरचा काथ्या काढून विकतात. तो पाण्यात सहसा कुजत नाही, म्हणून पूर्वी त्याचे होड्यांचे दोर वळत. आता त्याचे खराटे होतात.