हृदय-मूत्रपिंड संलक्षण, सेप्सिसजन्य

सेप्सिसच्या रुग्णात हृदय आणि मूत्रपिंडे एकाच वेळी ढासळू लागतात, त्या अवस्थेला हृदय-मूत्रपिंड संलक्षणाचा (सिंड्रोमचा) पाचवा प्रकार म्हणतात. इटलीतील मूत्रपिंडतज्ज्ञ क्लाउडिओ रोंको आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या संलक्षणाचे पाच प्रकार मांडले. पहिल्या चारांत एक अवयव आधी बिघडतो आणि दुसऱ्याला सोबत ओढतो. पाचव्यात दोघांवर तिसऱ्याच कशाचा तरी घाला पडतो. आयसीयूच्या दाराशी एक डॉक्टर ‘हार्ट वीक झालंय’ म्हणतात, दुसरे ‘किडनी काम करत नाहीये’ सांगतात आणि घरच्यांना वाटते, तापाच्या माणसाला दोन नवे आजार जडले. आजार एकच असतो.

२०१६ च्या व्याख्येनुसार जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयव जिवावर बेतण्याइतके बिघडणे म्हणजे सेप्सिस. तेव्हा ‘रक्तात इन्फेक्शन पसरलं’ हा रूढ शब्दप्रयोग अर्धाच खरा आहे; पुष्कळ रुग्णांच्या रक्तात जंतू सापडतही नाहीत. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, मधुमेह्याच्या पायाची जखम ही नेहमीची मुळे.

ठाणे, कळवा, दिवा, नवी मुंबई या पट्ट्यात पावसाळा आणखी एक कारण घेऊन येतो, ते म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतले जंतू तुंबलेल्या पाण्यातून पायाच्या भेगांवाटे शरीरात शिरतात. चार-आठ दिवस उलटले की ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. बहुतेक जण यातून बरे होतात. आजार बळावला तर मात्र कावीळ होते, मूत्रपिंडे बिघडतात आणि हृदयाच्या स्नायूला सूज येऊन ठोके अनियमित पडतात. त्यातून अंग दुखते म्हणून मेडिकलमधून परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार टाकते. पाण्यातून चालून आल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे; ते विचारतीलच असे नाही.

शरीराच्या वजनात मूत्रपिंडांचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पण हृदयाने फेकलेल्या रक्तातला जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. त्यामुळे ‘बीपी पडलं, रक्त पोचलं नाही, किडनी बसली’ हे स्पष्टीकरण सोपे वाटते. ते अपुरे आहे. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत मूत्रपिंडाकडचा रक्तप्रवाह वाढलेला असतानाही त्याचे काम मंदावलेले आढळले. दाहक रेणू, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतली अडखळ आणि पेशींतल्या ऊर्जानिर्मितीचा बिघाड मिळून दोन्ही अवयवांना एकदमच लुळे करतात. मृत रुग्णांच्या ऊती तपासल्यावर मेलेल्या पेशी मात्र फार थोड्या दिसल्या. जणू पेशींनी जीव वाचवायला कामबंद पुकारला असावा. जगलेल्या रुग्णाचे हृदय सात ते दहा दिवसांत बहुधा पूर्ववत होते, ते यामुळेच. रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे प्रथिन, वाढलेले दिसले म्हणजे अटॅकच आला, असेही नसते.

पुढे दोघे एकमेकांना छळतात. हृदय मंदावले की शिरांत रक्त तुंबते आणि मूत्रपिंडावर मागून दाब येतो. मूत्रपिंड थांबले की रक्तात आम्ल आणि पोटॅशियम साठते, ते हृदयाला मानवत नाही.

इथे सर्वांत आधी बोलते ती खाटेला लटकवलेली लघवीची पिशवी. ताशी दर किलो वजनाला अर्ध्या मिलिलीटरहून कमी लघवी सलग सहा तास झाली, की मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली असे धरतात. ६० किलोच्या माणसाच्या बाबतीत हे सहा तासांत १८० मिलिलीटर होतात, म्हणजे दोन कटिंग चहा. मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ म्हणजे क्रिएटिनिन; ते मागाहून, कधी दिवसभराने चढते. तो आकडा विचारणारे नातेवाईक पुष्कळ असतात, पिशवीबद्दल विचारणारे विरळा.

उपचारातला खरा पेच सलाईनचा. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिल्या तीन तासांत दर किलोला ३० मिलिलीटर, म्हणजे याच माणसाला अर्ध्या लिटरच्या जवळपास चार बाटल्या द्याव्यात. पण हृदय थकलेले असेल तर तेच पाणी फुप्फुसात उतरते. म्हणून बाटल्या मोजून भागत नाही, खाटेपाशी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुन्हापुन्हा करावा लागतो. शॉक असेल, म्हणजे रक्तदाब फारच ढासळला असेल, तर पहिल्या तासातच अँटिबायोटिक, आणि सरासरी रक्तदाब ६५ वर राखायला नॉरअॅड्रेनॅलिन हे औषध. ‘किडनीसाठी’ थोडे डोपामिन हे औषध लावण्याची जुनी रीत २००० सालच्या चाचणीने निकालात काढली.

डायलिसिस लवकर सुरू केले म्हणून अधिक जीव वाचत नाहीत, असे २०२० मध्ये मोठ्या चाचणीतून दिसले. पोटॅशियम, आम्ल किंवा साचलेले पाणी आवरेनासे झाले की ते करावेच लागते. रक्तदाब डळमळीत असेल तर सहा ते बारा तासांचे संथ डायलिसिस करतात. हे डायलिसिस बहुतेकदा तात्पुरते असते. घरी गेल्यावर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन पुन्हा तपासायचे असते. पण तोवर डिस्चार्ज कार्ड कपाटातल्या फायलीत गेलेले असते.