वेस्ट व्हर्जिनिया : पाळणे कमी, मृत्यू जास्त

एखाद्या प्रदेशातील जन्मांमधून मृत्यू वजा केले की उरते ती नैसर्गिक वाढ, आणि ही वजाबाकी उणे आली की ती नैसर्गिक घट. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ५५ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींत ही वजाबाकी आज उणे येते. या घटीला ‘नैसर्गिक’ म्हणत असले, तरी तिची मुळे १९५० च्या सुमारास कोळसा खाणींत झालेल्या बदलांत आहेत.

राज्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या मॅकडॉवेल काउंटीची लोकसंख्या १९५० साली ९८,८८७ होती. त्याच वर्षी जॉन एल. लुईस यांच्या नेतृत्वाखालील खाण कामगार संघटनेने मालकांशी करार केला. त्यात कामगारांना चांगले वेतन, दवाखान्याची सोय व निवृत्तिवेतन मिळाले आणि त्या बदल्यात संघटनेने यंत्रांना विरोध केला नाही. कोळसा एकाच दमात फोडून भरणारी यंत्रे खाणीत उतरली आणि राज्यातील सुमारे सव्वा लाख खाण कामगारांची संख्या साठच्या दशकाच्या सुरुवातीला पन्नास हजारांच्याही खाली आली. ज्यांच्या हाताचे काम गेले त्यांतील तरुण ओहायोतील क्लीव्हलँड व ॲक्रन आणि मिशिगनमधील डेट्रॉइटच्या कारखान्यांकडे निघाले.

तरीही त्या काळी जन्मांची बाजू भक्कम होती. २९ मे १९६१ रोजी सरकारच्या नव्या योजनेतील देशातले पहिले अन्न-कूपन याच काउंटीतील एका बेकार खाण कामगाराच्या कुटुंबाला मिळाले. घरात माणसे पंधरा; हाती आलेली कूपने ९५ डॉलरची; आणि वेल्च गावच्या दुकानातली पहिली खरेदी म्हणजे डुकराचे मांस घातलेल्या घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा. इतक्या भरल्या घरांमुळे माणसे राज्य सोडून जात असतानाही जन्म-मृत्यूचा हिशेब अधिकच येत राहिला, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे ते त्या आकड्यांत दिसले नाही.

माणूस गाव सोडतो तेव्हा एकटा जात नाही. त्याची पुढे होणारी मुलेही त्याच्याबरोबर जातात. जन्माची नोंद आईच्या राहत्या काउंटीच्या नावे होत असल्याने ती मुले ओहायो वा मिशिगनच्या खाती जमा झाली. मागे राहिलेले लोक मात्र वयाने वाढत गेले आणि त्यांचे मृत्यू गावच्याच नावे नोंदले गेले. सत्तरच्या दशकात तेलाच्या टंचाईने कोळशाला पुन्हा भाव आला, राज्याची लोकसंख्या १७.४४ लाखांवरून १९.५० लाखांपर्यंत चढली; पण ऐंशीच्या दशकात ती पुन्हा १७.९३ लाखांवर उतरली. तरुणांच्या या दुसऱ्या गळतीनंतर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, राज्यभरातील मृत्यूंनी जन्मांना मागे टाकले आणि नंतरची कित्येक वर्षे असे चित्र असलेले हे देशातील एकमेव राज्य होते. त्यात खाणकामगारांच्या फुप्फुसांचा जुना रोग होताच. पुढे अमली औषधांच्या अतिसेवनाने ऐन तरुण, म्हणजे आई-बाप होण्याच्या वयाची माणसेही गेली. या कारणाने होणाऱ्या मृत्यूंचा दर या राज्यात देशात सर्वाधिक राहिला, आणि या साऱ्या हिशेबातला हा भाग सर्वांत वेदनादायक आहे.

सगळ्या काउंट्या सारख्या नाहीत. पूर्वेकडच्या बर्कलीतून नोकरीसाठी वॉशिंग्टनला रोज ये-जा करता येते, तर मोनोंगेलियात राज्याचे मोठे विद्यापीठ आहे. तरुण वस्तीमुळे या दोन्हींकडे जन्मांचे पारडे दीर्घकाळ जड राहिले. मॅकडॉवेलची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १९,१११ भरली. २०१० ते २०२० या दशकात राज्याची लोकसंख्या ३.२ टक्क्यांनी, म्हणजे देशातील कोणत्याही राज्यापेक्षा अधिक प्रमाणात, घटली आणि अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहातील राज्याच्या तीन जागांपैकी एक गेली.

कोविडच्या काळात ही स्थिती देशभर पसरली. जन्मांपेक्षा मृत्यू अधिक असलेल्या काउंट्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ४५.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ७३ टक्क्यांवर गेले. वेस्ट व्हर्जिनियात त्यानंतर काही वर्षी बाहेर जाणाऱ्यांपेक्षा येणारे अधिक ठरले, परंतु जन्म-मृत्यूंमधली तूट त्यांनीही भरून निघाली नाही.