शिक्षणात खंड पडला असेल तर: पुन्हा कॉलेज प्रवेश आणि महाडीबीटी शिष्यवृत्तीचा अर्ज

घरातलं कमावतं माणूस गेलं, आजारपण आलं, कामासाठी गाव सोडावं लागलं, लग्न झालं. कारण काहीही असो, दोन-तीन वर्षं शिक्षण थांबलेली मुलंमुली कॉलेजच्या खिडकीशी आली की पहिला प्रश्न हाच असतो: "गॅप पडलाय, आता स्कॉलरशिप मिळेल का?" कुणीतरी परस्पर "नाही" म्हणून टाकतं आणि मूल माघारी फिरतं. याच भीतीपायी अनेकजण अर्जच भरत नाहीत, म्हणून आधी हे स्पष्ट करते. बारावी आणि पदवी प्रवेश यांच्या मधला खंड म्हणजे आपोआप अपात्रता नव्हे. महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जातच गॅपची माहिती देण्याची आणि त्याचा कागद जोडण्याची सोय आहे. खंड लपवला तरच अर्ज अडतो, कारण गुणपत्रिकेवरचं वर्ष आणि प्रवेशाचं वर्ष जुळत नाही.

उलट शिक्षण सुटलेल्यांना परत आणणं हा मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या, शिष्यवृत्तीचा जाहीर उद्देश आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती नव्याने मंजूर केली. दहावीपुढे शिकू न शकणाऱ्या सर्वांत गरीब घरांतल्या १ कोटी ३६ लाख विद्यार्थ्यांना पाच वर्षांत उच्च शिक्षणात आणायचं उद्दिष्ट तेव्हा ठेवलं गेलं. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. तेव्हा अर्ज करताना संकोच वाटायचं काही कारण नाही.

कोणती योजना कुणासाठी

अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची वार्षिक कौटुंबिक उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचं उत्पन्न त्याहून जास्त असेल, तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफीची वेगळी योजना त्याच पोर्टलवर आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत फीशिवाय निर्वाह भत्ताही मिळतो. साध्या बीए, बीकॉमसारख्या पदवीला घरून ये-जा करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला केंद्राच्या सुधारित दरांनुसार वर्षाला ३,००० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ६,००० रुपये. रक्कम मोठी नाही, पण पुस्तकं आणि एसटीचा पास यांचा भार उचलते.

खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. मुलींसाठी आणखी एक मोठी सवलत: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही.

आईवडील दोघंही नसलेल्या किंवा कोविडमध्ये पालक गमावलेल्या विद्यार्थ्यांनी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) स्वनाथ शिष्यवृत्ती नक्की पाहावी. मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक पदवी किंवा पदविका करणाऱ्यांना वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. हा अर्ज महाडीबीटीवर नसून राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो.

खंड कुठे पडला, हे आधी पाहा

बारावीनंतर घरी होतात आणि आता पहिल्या वर्षाला येताय, तर मामला सोपा. पण पहिलं वर्ष अर्धवट सोडून गेला असाल तर जरा थांबून कागद तपासा. शाहू महाराज शिष्यवृत्तीला अभ्यासक्रम सुरू असताना दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एका पातळीचं शिक्षण पूर्ण केल्यावर पुन्हा त्याच पातळीला ती मिळत नाही; बीए झाल्यावर बीकॉमला अर्ज केला तर तो नामंजूर होतो. ज्या वर्षी शिक्षण मध्येच सोडलं त्या वर्षाची शिष्यवृत्ती घेतली असेल, तर ती परत मागण्याचा अधिकार शासनाला आहे. त्यामुळे जुन्या कॉलेजात नेमकं काय जमा झालं होतं, हे आधी विचारून घ्या.

नव्या शैक्षणिक धोरणाखाली प्रवेश घेतलेल्यांना एक दिलासा आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्याप्रमाणे ठरलेले श्रेयांक (क्रेडिट) मिळवून पहिल्या वर्षानंतर रीतसर बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि जास्तीत जास्त सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते.

कागदपत्रं

जातीचा दाखला, दहावीची आणि शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, शिधापत्रिका, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला ही नेहमीची यादी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, आणि विवाहित मुलीसाठी पतीच्या उत्पन्नाचा दाखला. हा शेवटचा कागद फार वेळा विसरला जातो: लग्नानंतर शिकायला आलेल्या मुली माहेरचा उत्पन्नाचा दाखला जोडतात आणि अर्ज परत येतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच हवा. तो सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढा. जुना दाखला घरात आहे म्हणून निश्चिंत राहू नका, त्यावरचं आर्थिक वर्ष पाहा. दाखल्यांच्या गर्दीत निकाल लागल्यावर धावण्यापेक्षा प्रवेशाच्या आधीच अर्ज टाकलेला बरा.

सोडल्याचा दाखला बहुतेकदा जुन्या कॉलेजात अडकलेला असतो. कुणी थकीत फीचं कारण सांगून मूळ कागद ठेवून घेत असेल, तर लेखी अर्ज करून पोच घ्या. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं संस्थांनी ठेवून घेऊ नयेत, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलेलं आहे.

आता गॅपचं प्रतिज्ञापत्र. यात गोष्ट रंगवून सांगायची गरज नाही. तारखा चोख हव्यात. "मी मार्च २०२२ मध्ये बारावी उत्तीर्ण झाले. वडिलांच्या आजारपणामुळे जून २०२२ ते मे २०२५ या काळात मी कोणत्याही शाळेत अथवा महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नव्हता व कोणतीही शिष्यवृत्ती घेतलेली नाही." एवढं पुरतं. मधल्या काळात आयटीआय किंवा दुसरा कोर्स केला असेल तर तोही लिहा. खोटं लिहू नका, कारण आधार क्रमांकावरून जुना अर्ज सापडतो.

अर्ज भरताना

महाडीबीटीवर पूर्वी खातं उघडलं असेल तर नवीन उघडू नका, एका आधारवर एकच खातं राहतं. युजरनेम विसरला असाल तर आधारच्या ओटीपीने ते परत मिळवता येतं. इथेच खरी अडचण होते: आधारला जोडलेला मोबाइल नंबर काकांचा, किंवा कधीच बंद झालेला. म्हणून नंबर बदलून घेण्याचं काम सगळ्यांत आधी उरका.

प्रोफाइलमध्ये आधीचं शिक्षण वर्षवार भरा आणि गॅपची वर्षं तिथेच नोंदवा. सुटलेला जुना कोर्स सध्याचा म्हणून तसाच राहिलेला नाही ना, हेही पाहा. अर्ज पाठवल्यावर तो आधी कॉलेजच्या लेखनिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि पुढे संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे जातो. त्रुटी असेल तर तो तुमच्याच लॉगिनला परत येतो. मेसेजची वाट न पाहता आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघा. परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर वर्ष जातं.

पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात, अर्जात तुम्ही कोणतंही खातं लिहिलं तरी. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते, आणि शिक्षण सुटलेल्या मुलांची जुनी खाती नेमकी अशीच पडून असतात. शाखेत जाऊन केवायसी करा, आधार जोडणी तपासा.

शिष्यवृत्तीची रक्कम यायला महिने लागतात आणि कॉलेज मात्र प्रवेशाच्या दिवशीच पूर्ण फी मागतं. अनुसूचित जातीच्या पात्र विद्यार्थ्यांना आधी फी न भरता प्रवेश मिळावा, यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात त्याबद्दल विचारा. शिष्यवृत्तीतली फीची रक्कम खात्यात जमा झाली की त्यातून कॉलेजचा वाटा लगेच भरा आणि पावती जपून ठेवा. वर्षभर ७५ टक्के हजेरी लागते. कामावर जाऊन शिकणाऱ्यांनी प्रवेशाच्या वेळीच कॉलेजच्या वेळा विचारून घ्याव्यात. सकाळच्या सत्राचं कॉलेज असेल तर ते निवडा, काम आणि हजेरी दोन्ही सांभाळता येतात.